गर्भातच फुफ्फुसात गाठ दिसलेलं बाळ: जन्मानंतर कोणती तपासणी, कधी आणि कशी

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला जोडपं बाळाचे हातपाय पाहायला हौसेनं येतं. मधेच डॉक्टरांचा हात एका जागी थांबतो. तीच जागा ते पुन्हा पुन्हा पाहतात आणि थोड्या वेळानं हातात रिपोर्ट येतो: डाव्या फुफ्फुसात पांढरट गाठ, हृदय उजवीकडे सरकलेलं. पुढचे चार महिने त्या घरात कसे जातात, हे मी लहान मुलांची रेडिओलॉजिस्ट म्हणून बऱ्याच वर्षांपासून पाहते आहे. या काळात आईवडील हजार प्रश्न विचारतात. त्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं: जन्मल्यावर बाळाचं कोणतं चित्र काढायचं आणि ते कधी?

इथे दोन चुका मला वारंवार दिसतात. पहिली म्हणजे घाई. बाळ छान दूध पीत असतं, त्याला कसलाच त्रास नसतो आणि तरी दुसऱ्याच दिवशी त्याला सीटी स्कॅनला नेलं जातं. दुसरी चूक जास्त महागात पडते. पहिला एक्स-रे स्वच्छ येतो, 'गाठ विरघळली' असं सगळे समजतात आणि फाइल कपाटात जाते. असंच एक मूल माझ्याकडे चौदाव्या महिन्यात आलं होतं. त्याआधी त्याला दोनदा न्यूमोनिया झाला होता. सीटीत गाठ दिसली ती अगदी त्याच जागी, जिथे ती पाचव्या महिन्यात दिसली होती. त्या आईचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. हा लेख लिहायला बसले ते त्यामुळेच.

आधी नावं ओळखून घ्या

'गाठ' म्हटलं की मनात कॅन्सर येतो. इथे बहुतेक वेळा तसं काही नसतं. फुफ्फुस घडत असताना त्याचा एखादा तुकडा वेगळ्याच पद्धतीनं वाढलेला असतो, एवढंच. रिपोर्टवर साधारणपणे यातलं एखादं नाव असतं.

सीपॅम म्हणजे फुफ्फुसाच्या एका भागात लहानमोठ्या पोकळ्यांचा गुच्छ. १९४९ मध्ये त्याचं पहिलं सविस्तर वर्णन झालं. जुन्या रिपोर्टांत त्यालाच 'सीकॅम' म्हटलेलं सापडेल. हा भाग श्वासनलिकेच्या जाळ्याला जोडलेला असतो आणि त्याला रक्त फुफ्फुसाच्याच रक्तवाहिनीतून मिळतं.

सीक्वेस्ट्रेशन म्हणजे फुफ्फुसाचा वेगळा पडलेला तुकडा. तो श्वासाच्या कामाचा नसतो आणि त्याला रक्त थेट महाधमनीतून, वेगळ्याच धमनीनं येतं. तो बहुधा डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात असतो. ही जादा धमनी कधी कधी पोट आणि छाती यांमधल्या पडद्याच्या खालून, पोटातून वर चढते. पुढे सीटीबद्दल वाचताना हे लक्षात ठेवा. सीपॅम आणि सीक्वेस्ट्रेशन एकाच गाठीत असणं हेही नवलाचं नाही. त्याला हायब्रिड लीजन म्हणतात.

तिसरा प्रकार जन्मजात लोबर एम्फिसीमा. यात फुफ्फुसाच्या एका लोबमध्ये, म्हणजे मोठ्या कप्प्यात, हवा शिरते पण बाहेर पडत नाही, म्हणून तो लोब फुगत जातो. बहुधा तो डावीकडचा वरचा लोब असतो. चौथा ब्रॉन्कोजेनिक सिस्ट, म्हणजे श्वासनलिकेजवळची पाण्याची पिशवी.

डायफ्रॅमॅटिक हर्निया हा फुफ्फुसाचा दोष नव्हे. पोट आणि छाती यांमधल्या पडद्याला भोक राहतं आणि आतडी वर छातीत येतात. सोनोग्राफीत ते गाठीसारखं दिसू शकतं आणि जन्माच्या क्षणी सगळ्यात जास्त धावपळ त्यानंच होते, म्हणून इथे घेते आहे.

बाळ जन्मायच्या आधी

जन्मानंतरचे फोटो नीट वाचायचे तर जन्माआधीचे हाताशी हवेत. सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि प्रिंट तारखेच्या क्रमानं एका फाइलमध्ये लावा. कुठे गर्भाचा एमआरआय झाला असेल तर त्याची सीडीही त्यातच ठेवा. पोटातल्या बाळाच्या फुफ्फुसात हवा नसते, द्रव असतो. एमआरआयला हे फार सोयीचं पडतं, म्हणून गर्भाच्या एमआरआयमधली माहिती पुढेही कामाला येते.

रिपोर्टमध्ये या गोष्टी आहेत का ते पाहा, नसतील तर विचारा: गाठ कोणत्या बाजूला आणि कोणत्या लोबमध्ये आहे, पोकळ्या ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या आहेत की गाठ भरीव पांढरी दिसते, कलर डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) महाधमनीतून येणारी वेगळी धमनी दिसली का, हृदय किती सरकलं आहे, बाळाच्या पोटात, छातीत किंवा त्वचेखाली पाणी साठलं आहे का. असं पाणी दोन किंवा जास्त ठिकाणी साठलं तर त्याला हायड्रॉप्स म्हणतात. खरी काळजी असते ती याचीच.

सीव्हीआर हा आकडा मात्र नक्की विचारा. गाठीची लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याला ०.५२ नं गुणायचं आणि येईल त्याला बाळाच्या डोक्याच्या घेरानं भागायचं. समजा गाठ ४ × ३.५ × ३ सेंटिमीटर आहे आणि डोक्याचा घेर २२ सेंटिमीटर. गुणाकार ४२ येतो, ०.५२ नं गुणल्यावर २१.८४ आणि २२ नं भागल्यावर साधारण ०.९९. हा आकडा १.६ च्या वर गेला तर हायड्रॉप्सचा धोका बराच वाढतो. १ च्या वर राहिला तर जन्मल्यावर श्वासाला त्रास होण्याची शक्यता जास्त असते. एकच मोठी पोकळी असलेल्या गाठीत मात्र या आकड्यावर फार विसंबू नये, कारण ती पोकळी अचानक मोठी होऊ शकते.

सीपॅम साधारण २५ ते २८ आठवड्यांपर्यंत वाढतो, मग थांबतो. बाळ मात्र वाढत राहतं, त्यामुळे गाठ त्याच्या मानानं लहान दिसायला लागते. शिवाय आजूबाजूचं निरोगी फुफ्फुसही शेवटच्या महिन्यांत सोनोग्राफीत पांढरट होत जातं आणि गाठ त्यात मिसळून जाते. बत्तिसाव्या-चौतिसाव्या आठवड्यातला 'आता दिसत नाही' हा शेरा अशा वेळी येतो. तो खोटा नसतो, सोनोग्राफीत खरंच काही दिसत नसतं. पण अशा बाळांपैकी बहुतेकांच्या जन्मानंतरच्या सीटीत काही ना काही सापडतंच.

रिपोर्ट हातात पडताच 'ठेवायचं की नाही' हा प्रश्न घरात उठतो. तो विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. एवढंच सांगते, की हायड्रॉप्स नसलेल्या सीपॅम आणि सीक्वेस्ट्रेशनमधली बहुसंख्य बाळं जगतात आणि चांगली वाढतात. डायफ्रॅमॅटिक हर्नियाचं गणित वेगळं आहे, ते निरोगी फुफ्फुस किती उरलंय यावर ठरतं. लहान मुलांच्या सर्जनशी समोरासमोर बोलल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नका.

बाळंतपण कुठे करायचं हेही याच काळात ठरवा. हर्निया असेल, गाठ मोठी असेल किंवा हृदय बरंच सरकलं असेल, तर एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), व्हेंटिलेटर आणि लहान मुलांचे सर्जन एकाच इमारतीत असलेली जागा हवी. मुंबईत परळचं वाडिया, केईएम, सायन, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज ही सार्वजनिक नावं बहुतेकांना माहीत असतात. गाठ लहान असेल आणि हृदय जागेवर असेल तर जवळच्या चांगल्या इस्पितळात बाळंतपण करता येतं. फक्त बालरोगतज्ज्ञाला आधी कल्पना द्या, फाइल दाखवा.

पहिला तास

बाळ रडलं, गुलाबी झालं, श्वास शांत आहे, तर त्याला आईजवळ द्या, दूध पाजा. चित्राची घाई नाही.

श्वास जोरात चालला असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर वाटत असतील तर एक्स-रे लगेच, एनआयसीयूतच, पोर्टेबल मशीननं. बाळाला काचेच्या पेटीतून खाली रेडिओलॉजी विभागात नेऊ नये.

हर्नियाचं बाळ असेल तर मास्क लावून पिशवीनं हवा देत नाहीत. ती हवा आतड्यांत जाते, छातीतली आतडी फुगतात आणि आधीच दबलेलं फुफ्फुस आणखी दबतं. थेट श्वासनलिकेत नळी घालतात आणि नाकातून किंवा तोंडातून पोटात एक नळी सोडतात. ही पोटातली नळी घातल्यावरच एक्स-रे काढायचा, कारण तिचं टोक छातीत वळलेलं दिसलं तर निदान तिथेच पक्कं होतं.

पहिला एक्स-रे

ज्या बाळाला त्रास नाही, त्याचाही एक एक्स-रे घरी जाण्याआधी काढावा. तुलनेसाठी तो पुढे वर्षानुवर्षं लागतो. जन्मल्याबरोबर काढू नका. फुफ्फुसातला द्रव पहिल्या काही तासांत ओसरत असतो, तेवढ्यात काढलेला फोटो धुरकट येतो आणि नको त्या शंका काढतो. बाळ ठीक असेल तर एक दिवस थांबलेलं बरं.

एक्स-रे काढताना काय करायचं ते थोडं बारकाईनं सांगते. इथे सगळ्यात जास्त फोटो वाया जातात आणि प्रत्येक वाया गेलेला फोटो म्हणजे बाळाला पुन्हा एकदा किरण.

झबल्याची धातूची बटणं, गळ्यातला ताईत, काळ्या मण्यांची माळ, पिना हे सगळं आधी काढा. दृष्ट लागू नये म्हणून आजीनं बांधलेला दोरा मीही हात जोडून काढायला सांगते, फोटो झाला की परत बांधा. मॉनिटरच्या वायरी छातीवरून बाजूला सारा. बाळाला पाठीवर सरळ झोपवा, डोकं आणि कंबर एका रेषेत. बाळ जरासं जरी तिरकं झालं तरी हृदय सरकल्यासारखं दिसतं आणि आपल्याला नेमकं तेच तपासायचं असतं. दोन्ही बाजूंच्या बरगड्या सारख्या लांबीच्या दिसल्या तर फोटो सरळ आला असं समजावं. किरणांची चौकट छातीपुरती ठेवा. हर्नियाची शंका असेल तेव्हाच पोटही घ्या. बाळ धरायला घरचं माणूस उभं असेल तर त्याला शिशाचा एप्रन द्या आणि ते गरोदर नाही ना, हे विचारून घ्या.

आता या फोटोत काय पाहायचं. हृदय कुठे आहे, श्वासनलिका मध्यावर आहे का, दोन्ही पडदे दिसतात का, पोटातला गॅस पोटातच आहे का. मग गाठीची जागा. सीपॅमच्या पोकळ्यांत सुरुवातीला द्रव असतो, म्हणून पहिल्या दिवशी तिथे पांढरा डाग दिसतो. तासा-दिवसांनी तिथे हवा शिरते आणि काळ्या बुडबुड्यांचा गुच्छ दिसायला लागतो. लोबर एम्फिसीमाही असाच फसवतो. पहिल्या दिवशी लोब द्रवानं भरलेला आणि पांढरा असतो, दोन-तीन दिवसांनी तोच काळाभोर फुगलेला दिसतो.

हा काळा फुगलेला लोब म्हणजे एनआयसीयूतला मोठा सापळा आहे. घाईत तो न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा, असा वाटतो आणि छातीत नळी घातली जाते. ती नळी थेट फुफ्फुसात घुसू शकते. फरक ओळखायचा तर काळ्या भागात बारीक रक्तवाहिन्यांच्या रेषा शोधा. लोब फुगलेला असेल तर विरळ का होईना, त्या दिसतात. न्यूमोथोरॅक्समध्ये त्या नसतात आणि आक्रसलेल्या फुफ्फुसाची कड दिसते. बाळाच्या पाठीच्या त्वचेची घडीही अशीच कड दाखवते, पण ती रेष पुष्कळदा छातीच्या भिंतीबाहेरही जाताना दिसते. नवीन रेसिडेंटना, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना, मी सांगते: जन्माआधीची फाइल उघडल्याशिवाय नळीला हात लावू नका. बाळ खरोखर कोसळत असेल तर गोष्ट वेगळी.

नवजात बाळाची थायमस ग्रंथी मोठी असते. कधी ती होडीच्या शिडासारखी उजवीकडे पसरलेली दिसते. रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख असेल तर घाबरू नका, ती तिथे असायलाच हवी.

आणि एक्स-रे स्वच्छ आला तर? इथे पुन्हा सांगते. लहान गाठ एक्स-रेत न दिसणं अगदी नेहमीचं आहे. हृदयाच्या मागे, पडद्याच्या आड ती सहज लपते. स्वच्छ एक्स-रेचा अर्थ एवढाच, की आज बाळाला घरी न्यायला हरकत नाही.

छातीची सोनोग्राफी

फुफ्फुसात हवा असली की सोनोग्राफी फारसं दाखवत नाही, हे खरं. पण गाठ भरीव असेल आणि पडद्याला किंवा छातीच्या भिंतीला टेकलेली असेल, तर उत्तम दिसते. यात किरण नाहीत, भूल नाही, बाळाला जागचं हलवायचीही गरज नाही. लहान सपाट प्रोब आणि कोमट जेल, एवढ्यावर काम होतं. जेल थंड असेल तर बाळ रडतं आणि मग पुढचा अर्धा तास काहीही नीट दिसत नाही.

मी आधी पोटाच्या बाजूनं, यकृताच्या खिडकीतून पडद्याकडे पाहते. पडदा अखंड दिसला तर हर्नियाची शंका बरीच मावळते. मग कलर डॉपलर लावून महाधमनीच्या कडेनं वरखाली शोधायचं: गाठीकडे जाणारी वेगळी धमनी निघते का? सापडली तर सीक्वेस्ट्रेशन किंवा हायब्रिडचं निदान पहिल्याच आठवड्यात होतं. नाही सापडली तर ती नाहीच, असं म्हणता येत नाही. त्याचं उत्तर सीटी देईल.

घरी गेल्यावर

सीटीपर्यंत काही आठवडे जातील. झोपेतही बाळाचा श्वास मिनिटाला ६० च्या वर राहत असेल, दूध पिताना दम लागत असेल, कण्हण्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा ताप आला असेल, तर तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. लोबर एम्फिसीमाचं बाळ पहिल्या काही आठवड्यांत हळूहळू बिघडू शकतं, त्यामुळे तिथे नजर जास्त ठेवावी लागते.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि बाळाला धुरी, हे या बाळाच्या बाबतीत पूर्ण बंद. ओवा, ऊद, काहीही नको. आजीला वाईट वाटेल, पण फुफ्फुसातला एक कोपरा आधीच अधू असलेल्या बाळाला धूर सोसत नाही. घरात विडी-सिगारेट नको. लसी वेळेवर द्या.

सीटी कधी

बाळाला श्वासाचा त्रास असेल आणि सर्जन ऑपरेशनचा विचार करत असतील, तर बाळ स्थिर होताच. त्रास नसेल तर बहुतेक केंद्रं ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान करतात, काही त्याआधीही. थांबण्यामागे कारणं आहेत. तोवर फुफ्फुसातला द्रव पूर्ण गेलेला असतो, शिरा सुईला जरा सोप्या झालेल्या असतात, रक्तवाहिन्या मोठ्या झाल्यामुळे ती जादा धमनी स्पष्ट दिसते. माझं मत विचाराल तर ३ महिन्यांच्या आसपास. बाळ अजून दूध पिऊन दुपट्यात गाढ झोपतं आणि भूल टाळता येते. सहाव्या महिन्यात तेच बाळ टेबलावरून उलटायला बघतं.

किरणांची भीती रास्त आहे. छातीच्या एका एक्स-रेत बाळाला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (हे किरणांचं माप) मिळतात. नीट बेतलेला सीटी १ मिलिसिव्हर्टच्या आसपास ठेवता येतो, म्हणजे पन्नास-एक एक्स-रेंइतका. जमीन, हवा आणि आकाशातून माणसाला वर्षभरात आपोआप जगाच्या सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, हे शेजारी ठेवून पाहा. एक नीट केलेला सीटी टाळून गाठ अंधारात ठेवणं मला पटत नाही. तोच सीटी निष्काळजीपणे तीनदा करणं तर मुळीच नाही.

म्हणून तारीख घेताना केंद्राला विचारा. मशीनला एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, परवाना आहे ना? इतक्या लहान बाळांचे सीटी इथे नेहमी होतात का? व्होल्टेज बाळासाठी कमी करणार ना, ८० किलोव्होल्ट किंवा त्याखाली? आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्कॅन किती वेळा? मोठ्यांच्या सवयीनं आधी डायशिवाय (डाय म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध), मग डाय देऊन, मग थोड्या वेळानं पुन्हा, असे तीन स्कॅन कुठे कुठे होतात. या बाळाला डाय देऊन केलेला एकच स्कॅन पुरतो. त्याच चित्रांत फुफ्फुसही दिसतं आणि धमन्याही.

सरकारी इस्पितळात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाच्या तपासण्या मोफत होतात. २०११ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ही सोय ३० दिवसांपर्यंत होती, नंतर ती एक वर्षापर्यंत वाढवली. सीटीचे पैसे भरायला जाण्याआधी खिडकीवर हे विचारा.

सीटीचा दिवस

भूल देणार की नाही हे आदल्या दिवशीच नक्की करा, कारण दोन्हींची तयारी एकमेकांच्या उलट आहे. भूल द्यायची असेल तर साधारणपणे आईचं दूध ४ तास आणि वरचं दूध ६ तास आधी थांबवतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील, ती पाळा. भुलेत फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग थोडा मिटतो आणि तिथे पांढरे पट्टे दिसतात, ते वाचताना आम्हाला अडचण होते. शक्य असेल तिथे मी भूल टाळते, त्याचं हेही एक कारण.

भूल नसेल तर क्रम असा ठेवा. बाळाला थोडं भुकेलं आणि थोडं जागं ठेवून आणा. वाटेत गाडीत झोपू देऊ नका. आल्यावर आधी हाताच्या शिरेत पिवळी, २४ नंबरची सुई लावून घ्या. बाळ रडेल, रडू द्या. ताईत, झबलं, कमरेचा करदोटा काढा, कारण स्कॅन पोटाच्या वरच्या भागापर्यंत जाणार आहे. मग शांत खोलीत आईनं पोटभर पाजायचं, ढेकर काढायची आणि मऊ दुपट्यात घट्ट गुंडाळायचं. सुईचा हात तेवढा हाताशी राहू द्या. पंधरा-वीस मिनिटांत बाळ झोपतं. खोलीतले दिवे मंद, एसी कमी, टेबलावर आधी गरम केलेली चादर. मशीन तयार असल्याशिवाय बाळाला आत न्यायचं नाही.

डायचं प्रमाण किलोला दीड ते दोन मिलिलिटर. पाच किलोच्या बाळाला आठ ते दहा मिलिलिटर झाले, म्हणजे एक लहान सिरिंज. खुद्द स्कॅन नव्या मशीनवर एक-दोन सेकंदांत संपतो. बाळाला श्वास रोखायला सांगता येत नाही, पण झोपेतल्या शांत श्वासात चित्रं पुरेशी स्पष्ट येतात.

टेक्निशियन मित्रांसाठी एक विनंती. स्कॅन गळ्याच्या तळापासून सुरू करा आणि पडद्याशी थांबू नका. पोटातल्या महाधमनीच्या पहिल्या मोठ्या फांद्या चित्रात आल्याच पाहिजेत. सीक्वेस्ट्रेशनची धमनी पडद्याखालून येत असेल आणि ती चित्रात नसेल, तर सर्जनला तिची कल्पनाच राहत नाही. ऑपरेशनमध्ये अशी धमनी नकळत कापली गेली तर तिचं टोक पडद्याखाली आक्रसतं आणि रक्तस्राव आवरणं फार कठीण होतं.

स्कॅन झाल्यावर बाळाला अर्धा तास नजरेखाली ठेवा, सुईच्या जागी सूज नाही ना पाहा, नेहमीसारखं पाजा. डायमध्ये आयोडीन असतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०२२ मध्ये ३ वर्षांखालच्या मुलांत अशा डायनंतर ३ आठवड्यांच्या आत थायरॉइडकडे लक्ष द्यायला सांगितलं आहे. बाळ कमी दिवसांचं किंवा नाजूक असेल तर बालरोगतज्ज्ञांना याबद्दल विचारा.

रिपोर्ट हातात आल्यावर

चांगल्या रिपोर्टमध्ये गाठीची बाजू, लोब, आकार, सगळ्यात मोठी पोकळी किती, आत हवा आहे की द्रव, वेगळी धमनी आहे का, ती कुठून निघते आणि किती जाड आहे, रक्त परत कोणत्या शिरेत जातं, दुसऱ्या बाजूचं फुफ्फुस कसं आहे, हे सगळं लिहिलेलं असतं. 'वेगळी धमनी दिसली नाही' हेही स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं मौन चालणार नाही.

फिल्मवर छापलेली वीस-तीस चित्रं सर्जनला पुरत नाहीत. डायकॉम स्वरूपातली, म्हणजे मशीनमधल्या मूळ चित्रांची, बारीक कापांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या आणि घरी एक प्रत काढून ठेवा. मोबाइलनं फिल्मचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला जातो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ज्या बारीक रेषेसाठी एवढा खटाटोप केला, तीच त्यात पुसली जाते.

पोकळ्यांच्या गाठींत एक दुर्मीळ ट्यूमरही असतो, प्लूरोपल्मनरी ब्लास्टोमा. सुरुवातीच्या अवस्थेत तो सीटीत सीपॅमसारखाच दिसतो आणि फक्त चित्रावरून दोन्ही खात्रीनं वेगळे करता येत नाहीत. गर्भात काहीच दिसलं नव्हतं आणि नंतर पोकळ्या सापडल्या, दोन्ही फुफ्फुसांत किंवा बऱ्याच ठिकाणी पोकळ्या आहेत, फुफ्फुस फुटून हवा बाहेर आली, घरात कुणाला लहानपणी फुफ्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा ट्यूमर झाला होता, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. डायसर-१ या जनुकाची तपासणी अशा वेळी विचारात घेतली जाते. हे वाचून झोप उडवून घेऊ नका. गर्भातच दिसलेली आणि वेगळी धमनी असलेली गाठ या ट्यूमरपासून बरीच दूर असते.

एमआरआयबद्दल थोडक्यात. किरण नाहीत हे खरं, पण हवेनं भरलेलं फुफ्फुस त्यात नीट दिसत नाही आणि बाळाला बराच वेळ निश्चल राहावं लागतं. ब्रॉन्कोजेनिक सिस्ट किंवा मणक्याजवळची गाठ असेल तेव्हा तो खरोखर उपयोगी पडतो.

त्यानंतर

त्रास देणारी गाठ काढावीच लागते. त्रास न देणाऱ्या गाठीबद्दल सर्जनांमध्ये खरा मतभेद आहे. काही जण पहिल्या वर्षात काढा म्हणतात, कारण संसर्ग झाल्यावर तेच ऑपरेशन अवघड होतं आणि लहान वयात उरलेलं फुफ्फुस वाढून जागा भरून काढतं. काही जण लक्ष ठेवून थांबा म्हणतात. दोन्ही बाजूंना जाणती माणसं आहेत, म्हणून दोन मतं घ्यायला संकोचू नका. दुसऱ्या मतासाठी नवा सीटी करायचा नाही, तीच सीडी न्यायची.

ऑपरेशन झालं तर नंतर काही एक्स-रे होतील, सीटीची गरज सहसा पडत नाही. थांबायचं ठरलं तर पुढची चित्रं कधी काढायची हे लिहून घ्या. दर खोकल्याला एक्स-रे नको, पण न्यूमोनिया झाला तर तो बरा झाल्यावर काही आठवड्यांनी एक एक्स-रे हवाच.

आणि लसीकरणाच्या कार्डाच्या आतल्या बाजूला स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा: गर्भात अमुक आठवड्याला अमुक फुफ्फुसाच्या अमुक लोबमध्ये गाठ दिसली, सीटी अमुक तारखेला झाला, सीडी घरी आहे. उद्या मूल आजोळी तापानं फणफणलं आणि रात्री अनोळखी डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे काढला, तर त्या पांढऱ्या डागाकडे पाहण्याआधी त्यांनी हे कार्ड वाचलेलं असावं.